पूर बंदुका आणत नाही

दक्षिण सुदानमधल्या मारामाऱ्यांना ‘हवामान-युद्ध’ म्हणायची हल्ली पद्धत पडली आहे. मला हा शब्द अजिबात मान्य नाही. (शब्दावर अडून बसायची मास्तरकीची खोड आहे, चालवून घ्या.)

२०१९ पासून तिथे लागोपाठ महापूर आले. जोंगलेईची कुरणं बुडाली, तेव्हा बोरकडच्या डिंका गुराख्यांनी गुरं दक्षिणेला इक्वेटोरियात नेली. ती उभ्या पिकात शिरली आणि २०२२ मध्ये मागवी भागात माणसं मेली, हजारो परागंदा झाली. इथवर दोष पाण्याचा, कबूल.

पण गुरं पिकात शिरली तर आपल्याकडे कोंडवाडा असतो, पंच असतात, फार तर काठ्या निघतात. तिथे बंदुका निघाल्या! १९८३ ते २००५ आणि पुन्हा २०१३ ते २०१८, दोन युद्धांत पुढाऱ्यांनीच त्या पोरांच्या हाती दिल्या. पंचांना मग कोण विचारतो?

आणि बेंतिऊ? तेलाच्या विहिरी जवळच, तरी लाखभर निर्वासित मातीच्या बांधाआड राहिले. तो बांध राखायला संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना लागली. तेल विकणाऱ्या सरकारला तेवढी माती टाकणं परवडत नव्हतं, हे मी मानणार नाही.