घर जांगड देता, चिठ्ठी कुठे आहे?

कापडाच्या धंद्यात जांगड माल देण्याची जुनी रीत आहे. दोन थाने पसंतीसाठी पाठविली तरी सोबत चिठ्ठी जाते. माल कोणाचा, परत कधी यायचा, हे तिच्यावर लिहिलेले असते. पण जेद्दा-रियाधला वीस-वीस वर्षे राबून आपले बांधव या शहरात घर बांधतात आणि किल्ली मेहुण्याच्या, चुलतभावाच्या किंवा राखणदाराच्या हाती नुसत्या भरवशावर देतात. कागद मागितला तर नाते दुखावेल, ही भीड.

कायदा मालकाच्या बाजूने आहे. गोव्याचे माजी खासदार इरास्मो सिक्वेरा यांनी बहिणीच्या घराच्या ताब्यासाठी दावा लावला. खाली निकाल बहिणीविरुद्ध गेला. मार्च 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला : राखणदार, पहारेकरी वा नोकर कितीही वर्षे राहिला तरी त्याला घरात हक्क मिळत नाही, मालकाने मागताच ताबा द्यावा. पण तोवर सिक्वेरा हयात नव्हते, त्यांच्या वारसांच्या नावे दावा चालू होता. सुट्टीवर महिनाभर येणाऱ्याने एवढा दम कोठून आणायचा?

आपल्याकडे गुंठेवारीची भर आहे. नारेगाव, मिसारवाडीसारख्या वसाहतींत शंभराच्या बाँडवर नोटरी करून कितीतरी व्यवहार झाले. नोंदणीकृत खरेदीखत नाही, मग आधार उरतो मनपाच्या करपावतीचा आणि वीजबिलाचा. ती राखणदाराच्या नावे निघू लागली की तुमच्या हाती काय राहिले? 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची गुंठेवारी बांधकामे नियमित करण्याची सोय झाली. ज्यांनी ही फाईल दुसऱ्याकरवी दाखल केली, त्यांनी अर्जदार म्हणून कोणाचे नाव पडले ते एकदा स्वतः पाहावे.

‘देखभालीपुरते’ म्हणून दरमहा पाचशे-हजार घेणे तर फारच वाईट. उद्या तोच माणूस भाडेकरू म्हणून उभा राहतो. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते.

कुलमुखत्यारपत्राचा छापील मसुदा डोळे झाकून सही करू नये. त्यात विक्रीचा अधिकार हमखास असतो. कर भरणे, दुरुस्ती, कोर्टकाम एवढेच लिहावे. वकिलातीत साक्षांकित केलेले पत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावे लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

राखणदाराचीही बाजू आहे. पाण्याची टाकी फुटली, कर थकला, तो पदरचे पैसे घालतो. मालक ‘पुढच्या खेपेला पाहू’ म्हणतो. दहा वर्षे असे चालले की चांगल्या माणसाच्याही मनात घर आपले वाटू लागते. त्याला रीतसर पगार द्या, तोही बँकेतून. त्याचा हक्क त्याला मिळतो, आणि तो घरात कोणत्या नात्याने राहतो याची नोंद महिन्याच्या महिन्याला पासबुकात होत राहते.