१७० रुपयांत काय येते?

मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांत, अन्नसुरक्षा यादीत नसलेल्या केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना २०१५ सालापासून माणशी पाच किलो धान्य मिळत होते. गहू दोन रुपये किलो, तांदूळ तीन रुपये किलो. २०२३ साली धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यात टाकायचे ठरले. २०२४ साली त्याचे १७० झाले. पैसे किती महिन्यांनी येतात ते ज्याने त्याने आपल्या पासबुकात पाहावे. आम्हाला विचारायचे आहे ते वेगळेच. या १७० रुपयांत काय येते, आणि कोणत्या दुकानात येते?

पाचाने भागले की किलोला ३४ रुपये पडतात. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा आधारभाव खुद्द सरकारनेच ३,६९९ रुपये क्विंटल ठरवला. त्या भावाने पाच किलो ज्वारीला १८५ रुपये लागतात. म्हणजे सरकारच्याच एका हाताचा हिशेब दुसऱ्या हाताला ठाऊक नाही. शिवाय हा भाव शेतकऱ्याच्या पदरात पडायचा. त्यावर हमाली, भाडे आणि दुकानदाराचा नफा चढणारच. गव्हाचा आधारभाव ३४ च्या खाली आहे, हे कबूल. पण आधारभावाने गहू विकणारे किराणा दुकान कोणी पाहिले असेल तर कळवावे. आधारभाव आम्हाला विकताना मिळण्याची मारामार, तो घेताना कुठून मिळणार?

गैरसमज नको. रोख रक्कम द्या, माणूस त्याला हवे ते घेईल, या विचाराला आमचा विरोध नाही. रेशनच्या रांगेपेक्षा ते केव्हाही बरे. ज्वारी स्वस्त करा असेही आम्ही म्हणत नाही. ज्वारी पिकवणाऱ्याने ते म्हणणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. पण रोख रकमेला एक अट आहे. हवे ते गावात मिळाले पाहिजे. महागाईचा निर्देशांक भाव मोजतो. जी वस्तू दुकानात येतच नाही तिला भावच नाही, म्हणून ती कागदावर महागही होत नाही.

आता आपल्या गावचे दुकान डोळ्यांपुढे आणा. दारातच पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लोंबतात. बिस्किटे, चहा, साखर, तेल, मीठ-मिरची, कांदे-बटाटे. तुरीची डाळ आहे, पण पावशेराच्या पुडीत. हिरवी भाजी नाही, फळ नाही. गावात दूध निघते, पण सकाळीच संकलन केंद्रावर जाते. दुकानदाराला शिव्या देण्यात अर्थ नाही. मेथीची जुडी एप्रिलच्या उन्हात संध्याकाळपर्यंत टिकत नाही, वीज कधी जाईल याचा नेम नाही. न नासणारा माल ठेवण्यातच त्याचे पोट आहे. पण त्या पुडीच्या मागे छापलेले वजन एकदा वाचा. दहा ग्रॅम माल पाच रुपयांना असेल, तर तो किलोला पाचशे रुपये झाला. तेवढ्यात आधारभावाने तेरा किलोंवर ज्वारी येते. आमच्या पोरांच्या हातात जे महागात महाग अन्न आहे, ते सगळ्यांत निःसत्त्व आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराचे मार्गदर्शन पुन्हा काढले. त्यात मोठ्या माणसाला दिवसाला डाळी-कडधान्ये (किंवा बदल्यात अंडी-मांस) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली धरले आहे. ८५ ग्रॅम म्हणजे वर्षाला ३१ किलो. पाच मोठ्या माणसांच्या घराला दीड क्विंटल डाळ! आणि भाजी दिवसाला दोन किलो, म्हणजे आठवडी बाजारातून एकदम चौदा किलो आणायची आणि सात दिवस टिकवायची. ज्या घरी टिकते त्यांनी युक्ती सांगावी.

पूर्वी पहिले दुकान धुऱ्यावरच होते. कपाशीत तुरीचे तास, ज्वारीत मूग-उडीद, कडेला अंबाडी. पाऊस पडला की तरोटा आणि घोळ फुकट. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, तणनाशकाने तणाबरोबर भाजीही गेली. ज्वारी का सोडली, हे आम्हाला कोणी शिकवू नये. परवडली नाही म्हणून सोडली. पण त्या दिवसापासून कापूसवाला पुरता गिऱ्हाईक झाला, आणि हा खर्च कापसाच्या उत्पादनखर्चात कुणी धरला नाही.

अमेरिकेत कॅरन ग्लान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दुकाने मोजायची एक पद्धत मांडली. दुकानात शिरायचे आणि तीन गोष्टी लिहायच्या : चांगले अन्न मिळते का, त्याचा भाव काय, त्याची प्रत कशी. पद्धत सोपी आहे, पण आमच्याकडे तिला चौथा रकाना जोडावा लागेल, तो उधारीचा. कापसाचा पैसा दिवाळीनंतर येतो आणि घर चालते ते आषाढ-श्रावणात. नगद पैसा असला तर बाजारात चार दुकाने फिरून डाळ घेता येते. उधारीवाल्याला एकच दार, तिथला भाव आणि तिथला माल. नगदीचा आणि उधारीचा भाव वेगळा असेल, तर १७० रुपयांची किंमत दोन घरांत दोन होते.

तेव्हा पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. ज्वारी, तूरडाळ, मूग, शेंगदाणे, तेल, अंडी, दूध, एक पालेभाजी, एक फळ. प्रत्येकापुढे मिळते की नाही, नगद भाव, उधारीचा भाव, प्रत. मिळत नसेल तर रकाना कोरा सोडू नये. सर्वांत जवळ कुठे मिळते, किती कोसांवर आणि जायला-यायला भाडे किती, ते लिहावे. एकदा आत्ता आणि एकदा श्रावणात. कागद मायबहिणींनी भरावा. दुकानाची पायरी त्याच चढतात, आणि कोणत्या महिन्यात डाळीत पाणी वाढते हे त्यांनाच ठाऊक असते. दुकानदाराचे नाव लिहू नये, गावाचे लिहावे. चौदा जिल्ह्यांचे कागद एकत्र झाले की ते घेऊन आम्ही पुरवठा खात्याकडे जाऊ आणि ३४ रुपये किलोचे दुकान कोणत्या गावात आहे, ते दाखवा म्हणू.