होळीच्या आधी डोंगर सांभाळा

पालघर-मनोर रस्त्यावर वाघोबा खिंडीतून जाताना उन्हाळ्यात रात्री डोंगरावर वणव्याची रांग दिसते. पालघर-बोईसरकरांनो, ती नुसती बघून पुढे जाऊ नका. त्या डोंगराच्या अंगावर पाडे आहेत.

गवतच तर जळतंय, असं आपल्याला वाटतं. पण वारली-कातकरी घराचा अर्धा संसार त्या उतारावर असतो: कुडाची कारवी, गुरांचा चारा, चुलीचं सरपण, मोह, करवंदं. पालापाचोळा जळाला की माती उघडी पडते, जूनच्या पहिल्या सरींबरोबर वाहून जाते. पाणी मुरत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात विहीर लवकर तळ गाठते. मग हंडा घेऊन बाईलाच लांब जावं लागतं.

त्यातून दिवाळीनंतर कितीतरी घरांतली धडधाकट माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, ती पावसाच्या तोंडाला परततात. ऐन वणव्याच्या दिवसांत पाड्यावर म्हातारीकोतारी आणि पोरंच जास्त. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आग लागली तर बंब धावतो. डोंगरावर बंब चढत नाही.

आपल्याकडचा वणवा बहुतेक वेळा माणसाच्याच हातून लागतो. काळदुर्ग, अशेरी या गडांवर जाणाऱ्यांनी चूल पेटवू नये, विडी-सिगारेट ओढू नये. वाडीवाल्यांनी बांधावरचं गवत पेटवून घरी जेवायला जाऊ नये. पाड्यावरच्या दादा-ताईंनाही सांगणं आहे: मोह वेचायला झाडाखालचा पाला जाळू नका, झाडून घ्या. राब भाजणं हे शेतीचं काम, त्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त पहाटे, वारा पडलेला असताना भाजा, भोवतीचा पाला आधी ओढून घ्या आणि राख गार होईपर्यंत कुणीतरी तिथं थांबा. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

आग पुढे सरकू नये म्हणून गवत कापून जाळरेषा काढायला माणसं लागतात. बोईसरच्या कामगार मंडळांनी आणि कॉलेजच्या पोरांनी माघातले दोन रविवार द्यावेत. आधी ग्रामसभेला आणि वनरक्षकाला विचारा, ते दाखवतील तिथेच गवत कापा.

वणवा दिसला तर वनविभागाचा 1926 हा नंबर फिरवा. आगीच्या वरच्या अंगाला कधीही थांबू नका, ती चढावर माणसापेक्षा वेगाने धावते. आडवं चालत बाजूला व्हा आणि खाली उतरा. घर जळालंच तर तलाठ्याचा पंचनामा होईपर्यंत काही हलवू नका, फोटो काढून ठेवा. रेशनकार्ड, आधार आणि वनहक्काचा दाखला यांच्या झेरॉक्स आजच काढून गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा.