विश्लेषण : ‘वीस वर्षांत टाकी भरलीच नाही’, ही खरेच चांगली गोष्ट आहे का?

सातारा-सांगलीच्या गावांत घर बांधून झाले की संडासच्या टाकीबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘टाकी एवढी मोठी काढलीय, की वीस वर्षं बघायला नको.’ शौचालये घरोघरी झाली. आता प्रश्न आहे तो जमिनीखालच्या मैल्याचा. टाकीतून पाझरणारे पाणी विहिरीपर्यंत जाते, तुंबलेली टाकी साफ करताना माणसांचा जीव जातो आणि फुटक्या झाकणातून मुकी जनावरे आत पडतात.

शौचालये झाली, मग अडले कुठे?

ग्रामस्वच्छतेत हा पट्टा मागे नव्हता. तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना 2000-01 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. पुढे 2014 पासून स्वच्छ भारत अभियानात शौचालयासाठी 12 हजार रुपयांचे प्रोत्साहन अनुदान मिळू लागले. या योजनेत भर होता दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयावर. एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा. दीड-दोन वर्षांत पहिल्यातील मैल्याचे खत होते आणि ते हाताळण्यासारखे असते.

प्रत्यक्षात अनेकांनी एकच मोठी सेप्टिक टाकी बांधली. ‘खड्डा लवकर भरेल’ ही भीती आणि गवंड्याचा सल्ला, ही त्याची दोन मुख्य कारणे.

टाकी ‘भरते’ म्हणजे नेमके काय?

सेप्टिक टाकी ही साठवणीची टाकी नव्हे. नीट बांधलेली टाकी पाण्याने कायम भरलेलीच असते. जेवढे पाणी आत येते तेवढेच दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. जड मैला तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो, मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. हळूहळू वाढतो तो तळाचा गाळ. त्यामुळे ठरावीक काळाने तो उपसावाच लागतो. साधारण दोन ते तीन वर्षांनी, असे तांत्रिक निकष सांगतात.

मग वीस वर्षांत काहीच करावे लागले नाही, याचा अर्थ काय? बहुतेक वेळा दोनपैकी एक. तळाला काँक्रीट नाही, म्हणून मैलापाणी जमिनीत मुरते आहे. किंवा गाळ पाण्याबरोबर थेट गटारात निघून जातो आहे. मालकाला जी टाकी ‘भारी’ वाटते, ती खरे तर गळकी असते.

मोठी टाकी बांधण्यात चूक काय?

भारतीय मानकानुसार पाच माणसांच्या घराला सुमारे दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि आत एक मीटर पाणी राहील अशी टाकी पुरते. म्हणजे अकराशे-बाराशे लिटर. गावात 8 फूट लांब, 6 फूट रुंद, 8 फूट खोल खड्डा घेतला, तर तो जवळपास 11 हजार लिटरचा होतो. गरजेच्या नऊ-दहा पट. खर्च तिथेच संपतो. मग मधली भिंत, टी-पाइप, हवेचा पाइप आणि शोषखड्डा राहून जातो. वर्षानुवर्षे साचलेला गाळ घट्ट बसतो आणि मशीनलाही ओढता येत नाही.

जमीन बदलली की धोका कसा बदलतो?

कृष्णा-वारणा काठी, म्हणजे वाळवा, पलूस, मिरज भागात काळी माती आहे आणि ठिकठिकाणी भूजल उथळ आहे. ऊसपट्ट्यातील क्षारपड जमिनींत तर पाणी वरच असते. तिथे शोषखड्ड्याचे पाणी मुरत नाही आणि पावसाळ्यात संडास उलटा तुंबतो. 2019 आणि 2021 च्या महापुरात नदीकाठी तर टाक्यांवरूनच पाणी गेले. अशा वेळी घाईने टाकी रिकामी करणेही धोक्याचे असते. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने भिंती तडकतात, प्लास्टिकची हलकी टाकी वर उचलली जाते.

पाटण, जावळीच्या डोंगरात अडचण वेगळी. खाली कातळ, त्यात भेगा. भेगेतून गेलेले मैलापाणी मातीत गाळले न जाता थेट झऱ्याला किंवा बोअरला मिळू शकते. जत, आटपाडी, माणमध्ये पाण्याचा आधार विहीर-बोअरच. तिथे टाकी आणि विहीर यांतले अंतर हाच कळीचा मुद्दा. किमान 10 मीटर अंतर ठेवावे, असे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे.

टाकीत माणूस उतरवला तर?

टाकीत मिथेन, हायड्रोजन सल्फाइड असे वायू साचतात आणि प्राणवायू कमी असतो. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते, वासच येत नाही. म्हणून ‘वास गेला, आता उतरा’ हा समज जीवघेणा ठरतो. पहिला बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेलाही अडकतो.

2013 च्या कायद्याने कोणत्याही व्यक्तीला सुरक्षा साधनांशिवाय टाकीच्या धोकादायक सफाईला लावण्यास बंदी आहे. ‘कोणतीही व्यक्ती’ यात घरमालकही आला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली.

मुक्या जनावरांचे काय?

फुटलेली फरशी, वापरात नसलेली उघडी टाकी हा कुत्री, वासरे आणि लहान मुलांसाठी सापळाच. आत पडलेल्या कुत्र्याला काढायलाही कोणी उतरू नये. दोरीला बांधलेली पाटी किंवा शिडी सोडावी, अग्निशमन दलाला कळवावे. पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा क्रमांक आहे.

भटक्या कुत्र्यांचा त्रास खरा असला, तरी पिल्ले पडक्या टाकीत टाकणे किंवा विष घालणे हा गुन्हा आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला अवघा 10 ते 50 रुपये दंड आहे. मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 नुसार प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा जायबंदी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

उपाय जिल्ह्यातच आहे का?

आहे. वाई नगरपालिकेने 2018 पासून टाक्या तुंबण्याची वाट न पाहता तीन वर्षांच्या चक्राने उपसायला सुरुवात केली. गाडी दारात आली की वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. मैला रोज 70 हजार लिटर क्षमतेच्या प्रक्रिया केंद्रात जातो. सातारा शहराच्या केंद्राला जकातवाडी, सोनगाव, कोडोली, देगाव ही गावे जोडण्याचे पाऊल उचलले गेले. खटाव तालुक्यातील मायणीत अनेक गावांसाठी एकच केंद्र, असा मार्ग निवडला गेला. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात मैला व्यवस्थापनासाठी माणशी 230 रुपयांपर्यंत तरतूदही आहे.

मात्र शहरापासून लांबच्या गावांत आजही खासगी गाडी येते, टाकी उपसते आणि निघून जाते. ती कुठे रिकामी झाली, हे कोणी विचारत नाही. ओढ्यात किंवा उसाच्या रानात ओतलेला कच्चा मैला पुन्हा पाण्यातूनच गावात येतो.

घरमालकाने आज काय करावे?

झाकण पक्के आणि वाहनाच्या वाटेबाहेर ठेवावे. हवेच्या पाइपला जाळी लावावी. फिनेल, अ‍ॅसिडचा मारा टाळावा, कारण मैला कुजवणारे जिवाणूच त्याने मरतात. बाहेरचे पाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यात न्यावे. उपसा पावसाळ्याआधी, मशीननेच करावा आणि गाडी मैला कुठे नेणार ते आधी विचारावे. ग्रामपंचायतीला ग्रामसभेत विचारण्याचा प्रश्नही तोच : आपल्या गावचा मैला जातो कुठे?