अन्ननलिकेची अ‍ॅलर्जी आणि चिनी औषधी

घास गिळण्याची क्रिया इतकी सहज घडते की, तिच्याकडे आपले लक्षही जात नाही. परंतु काही मुलांच्या व तरुणांच्या बाबतीत कोरड्या अन्नाचा अथवा मांसाचा तुकडा छातीतच अडकून बसतो. इओसिन नावाचा तांबडा रंग शोषून घेणाऱ्या श्वेतकोशिका त्यांच्या अन्ननलिकेच्या अस्तरात गोळा झालेल्या आढळतात. निरोगी अस्तरात त्या जवळजवळ नसतातच. दूध, गहू, अंडी अशा नित्याच्या अन्नाविषयीची अ‍ॅलर्जी हे या विकाराचे प्रमुख कारण होय. स्वतंत्र रोग म्हणून त्याची ओळख पटली ती १९९० नंतरच्या दशकात.

आम्ल कमी करणारी औषधे, गिळून घ्यावयाची स्टेरॉइडे आणि बाधक अन्न वर्ज्य करणे हे त्यावरील प्रचलित उपाय आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेत डुपिलुमॅब या टोचून देण्याच्या औषधासही मान्यता मिळाली. तथापि उपचार थांबताच रोग बहुधा परततो. अशा वेळी दीर्घ परंपरा असलेल्या चिनी वनौषधींकडे रुग्णाचे मन वळावे, यात नवल नाही. त्या आशेचा उपहास करणे मला उचित वाटत नाही.

परंपरेतून खरे औषध निघू शकते, हे हिवतापावरील आर्टेमिसिनिनने सिद्ध केले. चौथ्या शतकातील एका चिनी ग्रंथातील उल्लेखावरून तू योयो यांना त्या वनस्पतीचा अर्क थंड पद्धतीने काढण्याची दिशा सापडली. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ग्रंथाने केवळ दिशा दाखविली. प्रमाण दिले ते प्रयोगाने.

अन्नाच्या अ‍ॅलर्जीसंबंधीचा अनुभवही बोधप्रद आहे. सुमारे १,८०० वर्षांपूर्वीच्या ‘शांग हान लुन’ या ग्रंथपरंपरेतील ‘वू मेइ वान’ या औषधी योगात फेरफार करून, त्यातील दोन घातक वनस्पती वगळून, न्यूयॉर्कमधील संशोधकांनी एक मिश्रण सिद्ध केले. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या उंदरांचे त्याने प्राणघातक प्रतिक्रियेपासून रक्षण केले. पुढे ६८ रुग्णांवर सहा महिने प्रयोग झाला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा की, औषध निर्धोक ठरले, पण अन्न सोसण्याची शक्ती वाढविण्यात ते औषधहीन गोळ्यांपेक्षा सरस ठरले नाही. शिवाय हा प्रयोग अन्ननलिकेच्या विकारावर नव्हताच. उंदरापासून माणसापर्यंतचे आणि एका रोगापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर केवळ अनुमानाने ओलांडता येत नाही.

या विकारात तर ‘बरे वाटले’ ही साक्षही पुरेशी नाही. रुग्ण नकळत सावकाश चावू लागतो, प्रत्येक घासाबरोबर पाणी पितो, अडकणारे पदार्थ टाळतो. त्रास कमी भासतो. पण आत शोथ चालूच राहतो आणि वर्षांनुवर्षांनी नलिका कठीण व अरुंद होते. म्हणून अंतर्दर्शीने अस्तराचा कण काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. उच्च वर्धनाच्या एका दृष्टिक्षेत्रात १५ किंवा अधिक अशा कोशिका आढळणे, ही निदानाची एक प्रमुख खूण होय.

वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, हा समजही सोडला पाहिजे. वजन घटविण्यासाठी ब्रुसेल्समध्ये दिलेल्या चिनी वनौषधींत एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया कुलातील दुसरीच विषारी वनस्पती आली होती. तीमुळे अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. हा प्रकार १९९३ मध्ये उजेडात आला.

म्हणून माझे मत असे की, चिनी औषधीला दार बंद करू नये. पण तिच्यासाठी वेगळे दारही ठेवू नये. घटक जाहीर असावेत, तुलना औषधहीन गोळीशी व्हावी आणि निर्णय अस्तराच्या तपासणीवरून व्हावा. तोपर्यंत कोणत्याही रुग्णाने चालू उपचार आपल्या मनाने सोडू नयेत. परंपरेचा खरा आदर तिला कसोटीपासून वाचविण्यात नसून कसोटीस लावण्यात आहे.