शब्द तोडला कुणी? स्विफ्टची फिर्याद आणि युरोपचा पुरावा

१/ तरुण मंडळी शब्द तोडतात, अक्षरे गिळतात आणि त्यामुळे भाषा भ्रष्ट होते, हा आरोप किमान तीनशे वर्षे जुना आहे. तरी प्रत्येक पिढीत तो नवा शोध लागल्याच्या थाटात मांडला जातो. या खटल्यातील सर्वांत नामांकित फिर्यादी म्हणजे ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चा कर्ता जोनाथन स्विफ्ट. त्याची फिर्याद तपासण्याजोगी आहे, कारण ती टिकत नाही.

२/ २८ सप्टेंबर १७१० च्या ‘टॅटलर’मध्ये स्विफ्टने लंडनच्या नव्या इंग्रजीवर कोरडे ओढले. ‘कान्ट’, ‘कुडन्ट’ ही जोडरूपे त्याला खुपत होती. त्याहून अधिक खुपत होते ते पहिल्या अवयवापाशीच छाटलेले शब्द. ‘पॉझिटिव्ह’चे ‘पॉझ’. ‘मोबिले व्हल्गस’, म्हणजे चंचल जमाव, या लॅटिन पदाचे नुसते ‘मॉब’. पुढच्याच वर्षी ॲडिसनने ‘स्पेक्टेटर’मधून हीच तक्रार केली. १७१२ मध्ये तर स्विफ्टने मंत्री रॉबर्ट हार्लीला उद्देशून प्रस्तावच छापला: भाषा सुधारून कायमची स्थिर करण्यासाठी जाणकारांची मंडळी नेमावी. स्वर गाळून शब्द आखूड करणे म्हणजे उत्तरेकडील पूर्वजांच्या रानटीपणाकडे घसरणे, असे त्याचे निदान होते.

३/ आता त्याच सप्टेंबरातील त्याचे खासगी टपाल पाहावे. डब्लिनला राहणाऱ्या एस्थर जॉन्सन आणि रिबेका डिंग्ली यांना तो लंडनहून पत्रे लिहीत होता. त्याच्या मृत्यूनंतर ती ‘जर्नल टू स्टेला’ या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांत ‘कान्ट’ आणि ‘डोन्ट’ मुक्तपणे येतात. लाडिक बोबडे शब्द आहेत. त्या दोघींसाठी तर पूर्ण नावही नाही, ‘एमडी’ ही दोन अक्षरे पुरतात. न्यायासनावर बसलेला स्विफ्ट ज्याला शिक्षा फर्मावतो, ते घरी लिहिताना तोच आनंदाने करतो!

४/ भाषेची राखण करणारी अशी संस्था फ्रान्सने १६३५ मध्येच स्थापली होती. तिचे नाव काय? ‘लाकादेमी फ्रान्सेझ’. ‘ला’ आणि ‘अकादेमी’ यांतला एक स्वर गळून ते बनले आहे. दोन शब्द सुटे लिहिणे ही फ्रेंचमध्ये चूक ठरते. शुद्धतेचा पहारेकरीच स्वरलोपाच्या पाटीखाली बसलेला आहे. फ्रेंचमधला ‘आज’ तर याहून मौजेचा. ‘ओजुर्दुई’ म्हणजे शब्दशः ‘आजच्या दिवशी’. त्यातला ‘ओ’ दोन शब्दांचा मिळून झालेला, ‘द’चा स्वर गळालेला, आणि शेवटचा ‘उई’ लॅटिन ‘होदिए’चा झिजलेला अवशेष. ते ‘होदिए’ स्वतः ‘हॉक दिए’, म्हणजे ‘या दिवशी’, या दोन शब्दांचे आकुंचन! रोमन माणसाने दाबलेला शब्द फ्रेंच माणसाने पुन्हा दाबला, आणि परिणाम प्रमाण भाषा.

५/ जर्मनचे ‘इम’ आणि ‘त्सुम’, इटालियनचे ‘देल्ला’, स्पॅनिशचे ‘देल’ आणि ‘आल’ ही सारी अशीच जोडरूपे. कायद्याच्या मसुद्यातही ती निःशंक येतात. स्पॅनिशमध्ये आदराने ‘आपण’ म्हणायचे तर ‘उस्तेद’ म्हणतात. तो ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या संबोधनाचा शेकडो वर्षांच्या वापराने झिजलेला गोटा आहे. शब्द आखूड झाला. आदर मात्र तसूभरही कमी झाला नाही.

६/ गोव्याला जाणाऱ्या मराठी प्रवाशाच्या रेल्वे तिकिटावरही असे एक रूप छापलेले असते. ‘वास्को द गामा’ यातला ‘द’ म्हणजे पोर्तुगीज ‘दे’ आणि ‘आ’ यांचा संयोग. आशियातील पोर्तुगीज सत्तेचे अधिकृत नाव ‘एस्तादो दा इंडिया’, त्यातही तेच. राजमुद्रेला जे चालले, त्याला अशुद्ध कोण म्हणणार?

७/ यावर एक उत्तर ठरलेले असते: जुन्या लेखनिकांचे संक्षेप कातडे महाग म्हणून, नाइलाजाचे होते. काही अंशी ते खरेच. पण प्राचीन ग्रीक ख्रिस्ती हस्तलिखितांत सर्वप्रथम आखूड झाले ते ‘देव’, ‘प्रभू’, ‘येशू’ हे शब्द. बहुधा पहिले आणि शेवटचे अक्षर, वर एक आडवी रेघ. दोनचार अक्षरांनी कितीसे कातडे वाचणार? तिथे संक्षेप हीच पूज्यतेची खूण होती.

८/ म्हणजे शब्द आखूड झाला की नाही, हा वादाचा मुद्दा कधीच नव्हता. तो कुणी केला, एवढेच पाहिले गेले. पुरोहिताने केला तर पावित्र्य, दरबाराने केला तर शिष्टाचार, व्याकरणकाराने नोंदवला तर नियम. आणि लंडनच्या कॉफीगृहातल्या पोराने केला तर ऱ्हास. स्विफ्टच्या यादीतले ‘पॉझ’ आपोआप मेले, हे मान्य. त्यासाठी अकादमी लागली नाही. ‘मॉब’ मात्र जगला, आणि आज तो तुटका शब्द आहे याची इंग्रजी बोलणाऱ्यांना आठवणही नसते.

९/ मराठीत हाच आरोप मोबाइलवरच्या लघुरूपांवर होतो. आरोप करणाऱ्यांच्या घरातल्या जुन्या पत्रांची पेटी उघडून पाहावी. वरच्याच ओळीत असते: ‘ती. बाबांस कृ. सा. न. वि. वि.’