माऊचा खोकला अंगावर काढू नका

मैत्रिणींनो, घरात कुणी खोकलं की आपला हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. माणसांचं ठीक आहे हो; पण मांजराचं पिल्लू खोकू लागलं, तर आपला घरगुती दवाखाना बंदच ठेवा.

पिल्लू अंग चोरून बसतं, मान पुढे ताणतं आणि खोकतं. आपल्याला वाटतं, घशात केस अडकला. पण दुखणं फुप्फुसातही असू शकतं आणि ते मुख्यतः दोन तऱ्हांचं.

एक कृमींचं. पावसाळ्यात कुंड्यांखाली गोगलगायी निघतात ना, त्यांच्या अंगात फुप्फुसकृमीच्या अळ्या वाढतात. गोगलगाय खाल्लेला उंदीर, पाल किंवा पक्षी माऊने मटकावला की अळ्या तिच्या फुप्फुसात पोचतात. आपण मात्र उंदीर धरला म्हणून तिचं कौतुक करतो! पोटातल्या जंतांच्या अळ्याही फुप्फुसातून प्रवास करतात. त्या आईच्या दुधातूनही पिलाला मिळतात.

दुसरं जिवाणूंचं. साध्या सर्दीनंतर नाकातून घट्ट शेंबूड येतो, ताप चढतो, पिल्लू खाणं सोडतं. हा न्यूमोनिया असू शकतो.

वरून दोन्ही सारखीच दिसतात, औषधं मात्र निराळी. म्हणून डॉक्टरांकडे जाताना पिलाची ताजी शी डबीत घालून न्या. ती जाळीच्या कापडात बांधून कोमट पाण्यात ठेवतात. अळ्या तळाशी उतरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. आपल्या शिरवळला तर क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे. तिथे गाई-म्हशींचंच पाहतात असं समजू नका.

आता नीट लक्षात ठेवा. तापाची पॅरासिटामॉल पिलाला कधीही देऊ नका. मांजराच्या शरीराला ती पचवता येत नाही; एका गोळीनेही जीव जातो. दूध किंवा काढा बळेच पाजू नका. तो श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनियाच व्हायचा.

पिल्लू गाढ झोपलं की घड्याळ घेऊन बसा. छाती मिनिटात 20 ते 30 वेळा हलते. 40च्या वर गेली, तोंड उघडून श्वास चालला किंवा हिरड्या निळसर दिसल्या, तर स्वयंपाक तसाच ठेवून निघा. सकाळपर्यंत थांबू नका.

आणि पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की जंतांच्या औषधाचं डॉक्टरांना विचाराच, बरं का!